एक थांबा बंद होतो तेव्हा

सार्वजनिक सेवेच्या प्रारंभाचे समारंभ होतात. ती बंद करण्याचा निर्णय मात्र कोणालाच प्रिय नसतो. तथापि, वस्तीची घडण बदलली म्हणजे पूर्वी ठरविलेली जागा आजही सोयीची आहे काय, याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या उत्तर उपनगरातील वुडलँड्स रोड या थांब्याची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

मँचेस्टर आणि बेरी या गावांना जोडणारा हा लोहमार्ग १८७९ साली सुरू झाला. त्यावर वुडलँड्स रोड स्थानक १९१३ मध्ये उघडण्यात आले आणि १९१६ साली मार्गाचे विद्युतीकरण झाले. पुढे १९९१ मध्ये मार्ग काही काळ बंद ठेवून त्याचे हलक्या रेल्वेत रूपांतर करण्यात आले. एप्रिल १९९२ पासून त्यावर ‘मेट्रोलिंक’च्या ट्रामगाड्या धावू लागल्या.

हलकी रेल्वे म्हणजे रेल्वे आणि ट्राम यांचा मेळ होय. उपनगरात ही गाडी जुन्या लोहमार्गावरून वेगाने जाते, तर शहराच्या मध्यभागी रस्त्यातील रुळांवरून इतर वाहतुकीसमवेत चालते. ती लवकर थांबते व लवकर वेग घेते. त्यामुळे थांबे जवळजवळ ठेवणे शक्य होते. मात्र प्रत्येक थांब्यावर गाडीतील सर्वच प्रवाशांचा वेळ खर्ची पडतो. म्हणून थांब्यांची संख्या आणि त्यांच्या जागा या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो.

असाच विचार येथे झाला. शाळा, ग्रंथालय आणि क्रीडाकेंद्र असलेल्या एब्रहॅम मॉस संकुलाजवळ २०११ साली नवा थांबा झाला. दुसऱ्या बाजूस ट्रामच्या कारशेडजवळ, क्वीन्स रोड येथे, पूर्वी केवळ कर्मचारी चढत-उतरत असत. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे सर्वसामान्य प्रवाशांसाठी थांबा खुला झाला आणि त्याच वेळी या दोहोंमधील वुडलँड्स रोड बंद करण्यात आला. एका शतकाची सेवा तेथे संपली.

या बदलाने अनेकांची सोय झाली. परंतु जुन्या थांब्यालगत राहणाऱ्यांना, विशेषतः वृद्धांना, अधिक चालावे लागणार, ही तोशीसही खरी आहे. अशा निर्णयाचा हिशेब मांडताना ती वगळता येत नाही.

या हकीकतीत लक्षणीय आहे तो कामाचा क्रम. पर्यायी थांबे आधी उभे राहिले आणि मगच जुना थांबा मिटला. एस. टी.चा थांबा असो, पाणवठा असो वा शिधावाटप दुकान असो, जागा बदलण्याचा ठराव सभेपुढे येतो तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारले जावेत : नवी सोय प्रत्यक्षात सुरू झाली आहे काय? आणि या बदलाने कोणाची पायपीट वाढणार आहे?