तारकर्लीच्या समुद्रातली लेकुरवाळी

सुट्टीत मालवण-तारकर्लीचा बेत ठरला की मुलांची पहिली मागणी असते डॉल्फिन बघायची. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागेतून सकाळीच होड्या सुटतात. पाण्यावर एक करडी पाठ येते, ‘तो बघ, तो बघ’ होतं आणि पाठ दिसेनाशी होते. पैसे वसूल झाले म्हणून आपण माघारी फिरतो. पण ती पाठ कुणाची, तिच्या बिऱ्हाडात कोण कोण, हे ठाऊक असलं तर बघण्यात अधिक मजा आहे.

हा मासा नव्हे बरं का! तुमच्या-आमच्यासारखा उष्ण रक्ताचा, हवेत श्वास घेणारा, पिलाला अंगावर पाजणारा प्राणी. मालवणच्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा कुबडवाला डॉल्फिन. लांबी अडीच मीटरच्या आसपास, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. खोल समुद्र त्याला मानवत नाही. उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच त्याचं घर. म्हणजे जिथे आपली जाळी नि होड्या, नेमकं तिथेच!

गीरच्या सिंहिणींचं एकत्र कुटुंब तुम्ही ऐकलं असेल. माय, लेकी, मावश्या एका कळपात राहतात आणि एकमेकींच्या पिलांना पाजतातसुद्धा. डॉल्फिनचं तसं नाही. टोळी लहान, बहुधा दहाच्या आतली, आणि तीही कायमची नाही. आज चारजणी एकत्र, उद्या त्यातल्या दोघी दुसरीकडे. वाड्यातल्या शेजारणींचं येणंजाणंच म्हणा ना! घट्ट जोडी एकच, आई आणि पिलू.

दहा ते बारा महिने पोटात वाढून एकच पिलू जन्मतं, बहुधा शेपटीकडून. पोटात घडी करून ठेवल्याच्या खुणा काही दिवस त्याच्या अंगावर दिसतात. पहिला श्वास घ्यायला त्याला लगेच पाण्यावर यावं लागतं. आणि पाजणं? आईच्या पोटाखालच्या खाचांत स्तनाग्रं लपलेली असतात. पिलानं जीभ लावली की ती धार त्याच्या तोंडात सोडते. दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट. पण श्वास धरून प्यायचं, तेव्हा दर खेपेला काही क्षणच. एरवी पिलू आईच्या कुशीला चिकटून पोहतं आणि तिच्या अंगासरशी ओढलं जाणारं पाणी त्याला पुढे नेतं. झोपसुद्धा अर्धीच, मेंदूची एक बाजू निजते, दुसरी जागी. तान्ह्या बाळाच्या आईला हे वेगळं सांगायला नको.

अंगावरचं पिणं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. पुढचं पिलू बहुधा तीनेक वर्षांनी. म्हणून एक पिलू गेलं तर ती उणीव लवकर भरत नाही.

आता आपल्या होडीकडे वळू. चार होड्या चारी बाजूंनी धावल्या की आईला पाजणं सोडून पळावं लागतं आणि पिलू कुशीपासून सुटतं. त्यात डॉल्फिन वाट नि भक्ष्य शोधतात आवाजावर. इंजिनांच्या घरघरीत ते कसं जमावं?

मच्छीमारांचं गाऱ्हाणंही खोटं नाही. डॉल्फिन जाळ्यातले मासे पळवतात, जाळं फाटतं आणि महिन्याच्या हिशेबाला भोक पडतं ते बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या. उलट जाळ्यात अडकलेला डॉल्फिन श्वासाला वर येऊ न शकल्यानं गुदमरून मरतो. नुकसान दोघांचंही आहे, नि यावर सोपा तोडगा मला तरी दिसत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, पण ते जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं. डॉल्फिनला त्याची हद्द कुठली कळायला! जगभरच हा प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

आपल्या हातात मात्र होडी आहे. बसण्यापूर्वीच होडीवाल्या दादांना सांगून ठेवा, ‘घाई नाही, पाठलाग नको, निदान पन्नास मीटर लांब राहा, त्यांच्या वाटेत आडवे जाऊ नका.’ मोठ्या पाठीशेजारी छोटी पाठ दिसली तर आणखी मागे राहा. मुलांना खाऊ, पिशव्या पाण्यात टाकू देऊ नका. इंजिन बंद करून थोडं थांबलात, तर कधी कधी तेच जवळ येतात, आणि वर आल्यावर त्यांनी सोडलेला श्वास ‘फुस्स’ करून होडीत बसल्या जागी ऐकू येतो.