ड्रॅगन ब्लेड : हातची गोष्ट घालवलेला सिनेमा

जॅकी चॅनचा 'ड्रॅगन ब्लेड' (२०१५) पाहिला आणि फार हळहळ वाटली. साडेसहा कोटी डॉलर खर्च, सोबत जॉन क्युसॅक आणि एड्रियन ब्रोडी, दिग्दर्शक डॅनियल ली. काळ हान राजवटीचा, जागा रेशीम मार्ग. चिनी सैनिक आणि वाट चुकलेले रोमन एकत्र येतात, ही कल्पनाच केवढी भन्नाट!

तिच्यामागे खरा इतिहास आहे. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हेच्या लढाईत पार्थियन धनुर्धाऱ्यांनी रोमन सेनापती क्रॅससच्या फौजेचा धुव्वा उडवला, हजारो कैद झाले. पुढे इ.स.पू. ३६ मध्ये हान सैन्याने शिओंग्नू या भटक्या जमातीच्या झिझी या सरदाराचा मध्य आशियातला किल्ला घेतला. तिथल्या काही सैनिकांची रचना माशाच्या खवल्यांसारखी होती, अशी नोंद हान काळाच्या इतिहासग्रंथात आहे. विसाव्या शतकात होमर डब्स या अभ्यासकाने तर्क मांडला, की ही कार्हेत कैद झालेल्या रोमनांची ढालींची रचना असावी. त्यातूनच चीनच्या गान्सू प्रांतातल्या लिछियान गावचे लोक रोमनांचे वंशज आहेत, ही दंतकथा फुलली. गावकऱ्यांच्या डीएनए चाचण्यांतून मात्र रोमन वंशाला आधार मिळाला नाही.

सिनेमात एकच भाग मनापासून आवडला. पडका किल्ला बांधताना रोमन आपली यंत्रं आणि हुन्नर घेऊन उतरतात, चिनी मजूर सोबतीला. घामेजलेली माणसं, दोर, दगड. तिथे दोन संस्कृती खरंच भेटतात. बाकी सगळी स्लो मोशन, भाषणं आणि रडारड. ब्रोडीच्या खलनायकाला क्रौर्यापलीकडे काही दिलेलंच नाही. आणि ती खवल्यांची रचना, तो झिझीचा किल्ला? त्यावरच सिनेमा हवा होता.