शेंगेतला दाणा काय खातो?

आपल्या खोडाळ्याकडे माळावर नागली-वरईबरोबर उडीदही पेरतात. उडदाची कोवळी शेंग सोलून बघा. प्रत्येक दाणा बारीक देठाने शेंगेच्या एका कडेला चिकटलेला असतो. ती दाण्याची नाळ.

पाने उन्हात साखर बनवतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. हे अन्न पाण्यात विरघळून बारीक नळ्यांतून शेंगेत, मग नाळेतून दाण्याच्या सालीत येते. पण नळी तिथंच संपते! आतल्या बाळरोपापर्यंत ती जातच नाही. सालीच्या पेशी अन्न बाहेर सोडतात आणि बाळरोपाच्या पेशी ते शोषून घेतात. आई ताटात वाढते आणि मूल आपल्या हाताने खाते ना, तसंच. हे अन्न दाण्याच्या दोन दलांत साठते. तीच आपली डाळ!

दाणा पिकला की नाळ सुटते. काळ्या उडदावर पांढरी खूण दिसते, ती त्याची बेंबी.

शेंगा भरायच्या दिवसांत शेळ्यांनी पाला खाल्ला, तर दाण्याला अन्न कुठून मिळणार? शेंगा पोचट राहतात आणि घरात वर्षाची डाळ पुरत नाही. म्हणून तेव्हा शेळ्या नीट राखा!