मोडक्या अवजारांतून पाखरांसाठी दाणा-पाण्याचा खांब



गोठ्याच्या मागे किंवा विहिरीच्या कडेला मोडक्यातोडक्या सामानाचा एक ढीग असतोच. मोटारीवरून काढलेला पाईप, बूड गेलेले घमेले, फावड्याचा सुटा दांडा, उंदरांनी कुरतडलेली ठिबकची नळी. भंगारवाला त्याचे फारसे काही देत नाही. या ढिगातून परसात पाखरांसाठी दाणा-पाण्याचा खांब कसा उभा करावा, ते या पत्रकात सांगितले आहे.

यावर तुम्ही म्हणाल, "साहेब, हुरड्याच्या दिवसांत आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवतो, आणि तुम्ही पाखरांना बोलावून दाणे घालायला सांगता?" प्रश्न रास्त आहे. ज्वारी-बाजरीचे कणीस चिकात आल्यापासून काढणीपर्यंत पाखरे त्रास देतात, हे नाकारता येणार नाही. पण चिमणी आणि सुगरण स्वतः दाणे खात असल्या, तरी घरट्यातल्या पिलांना भरवतात त्या मुख्यतः अळ्या आणि किडे. ही गोष्ट विसरल्याचा परिणाम चीनने भोगला आहे. तिथे १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० साली चिमणीचे नाव त्या यादीतून काढावे लागले.

आता सामान. दीड इंची जुना लोखंडी पाईप आठ फूट घ्यावा. दोन फूट खड्ड्यात पुरून भोवती दगड व मुरूम ठोकून भरावा, म्हणजे वर सहा फूट राहतो. पाईपाच्या टोकाला आटे शाबूत असतील तर पंपाची जुनी फ्लँज त्यावर घट्ट बसते. फ्लँजच्या भोकांसमोर घमेल्याच्या बुडाला भोके पाडून नट-बोल्टने आवळावे. फ्लँज नसेल तर पाईपाच्या तोंडात लाकडी गुल्ली ठोकावी आणि तिच्यावर घमेले खिळ्यांनी पक्के करावे. बूड झिजलेले घमेले यासाठी बरेच, कारण पाणी निथळायला भोके हवीतच. भोके मोठी असली तर वर काथ्या पसरावा. पाणी जाते, दाणा राहतो.

घमेल्याची कड धारेची असते, पाखरांच्या पायाला लागते. ठिबकची काळी लॅटरल उभी चिरून कडेवर गोल बसवली की काम झाले. बसायला फावड्याचा दांडा घमेल्यावर आडवा बांधावा, दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर राहू द्यावा. लोखंडी पट्टी किंवा कुळवाची पास बांधू नये. चैत्र-वैशाखात ती तव्यासारखी तापते.

आता मांजराचा बंदोबस्त. दुसरे एक घमेले घेऊन त्याच्या बुडाला छिन्नीने पाईप जाईल एवढे भोक पाडावे आणि ते जमिनीपासून चार फुटांवर पालथे बसवावे. खाली बाइंडिंग तारेचे जाड वेढे दिले की ते घसरत नाही. खांबावरून चढणारा उंदीर, खार किंवा मांजर या छत्रीखाली येऊन अडते. मात्र खांब भिंतीपासून, छपरापासून आणि झाडाच्या फांदीपासून सात-आठ हात दूर असावा, नाहीतर मांजर तिथून थेट उडी घेईल.

पाण्यासाठी लोखंडी भांडे नको, उन्हात पाणी कढते. कुंभाराकडचे पसरट परळ झाडाच्या सावलीत तारेने टांगावे. नायलॉनची दोरी किंवा मांजा वापरू नये, त्यात पाय अडकून पाखरू लटकून मरते. पाणी दोन बोटे खोल पुरे आणि मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा परळ आतून काथ्याने घासावे. डेंगीचा डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पुढचे मात्र लक्ष देऊन वाचा, घरात वाचून दाखवा. औषधाचा रिकामा डबा, फवारणी पंपाची टाकी, युरियाबरोबर कीटकनाशक कालवलेले घमेले यांतले काहीही या कामी वापरू नये. तीन वेळा धुतले, राखेने घासले, तरी चालणार नाही. डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. जुन्या पाभरीचे लाकडी चाडे दाण्यासाठी छान दिसते, हौसेने कोणी लावीलही. पण त्यातून औषध लावलेले बी कधी पेरले असेल तर लाकडात औषध मुरलेले असते. तसेच पेरणीनंतर उरलेले रंगीत बियाणे पाखरांना घालू नये. ते औषधाचेच असते. पाखरू तर मरेलच, खाली सांडलेले दाणे कोंबड्या टिपतील आणि मग ती गोष्ट तुमच्या ताटापर्यंत येईल.

दाणा साधा घालावा: ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. पपईची साल टाकली तर बुलबुल येतो. फरसाण, खारे शेंगदाणे, बुरशी आलेली भाकरी नको. दिवसभरात संपेल एवढेच, मूठ-दोन मुठी. ओला दाणा रात्रभर राहिला की आंबतो. खांबाखालची विष्ठा झाडून पुरावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांचे पाणी खांबापासून लांब असावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती कोंबड्या माराव्या लागल्या, ते त्या भागातले लोक विसरलेले नाहीत. गावात कोंबड्या अचानक मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि दाणा त्याच दिवशी बंद करावा.

आता शेतातली गोष्ट. कोतवाल आणि वेडा राघू तुमच्या दाण्याला येणार नाहीत, त्यांना किडेच लागतात. त्यांना हवी असते उंच जागा. म्हणून हरभऱ्यात आणि तुरीत दाणा न ठेवता नुसते पक्षीथांबे उभे करावेत. जुन्या बांबूला किंवा पाईपाच्या तुकड्याला आडवी काठी बांधली की थांबा झाला. उंची पिकाच्या वर फूट-दोन फूट, आणि एकरी वीस थांबे. पीक फुलावर येण्याआधी ते लावावेत. कोतवाल त्यावर बसून पतंग आणि घाटेअळी टिपतो. साळुंकी सरीतून चालत अळ्या वेचते.

थांब्यांनी सगळी घाटेअळी संपते असे मी म्हणणार नाही. पिकात फिरून अळ्या पाहाव्यातच. कमी असताना पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एच.ए.एन.पी.व्ही., मिळाला तर तो संध्याकाळी फवारावा. त्याने पाखरांना अपाय होत नाही. उलट रोगट अळी खाल्लेल्या पाखराच्या विष्ठेतून तो शेतात आणखी पसरतो. जहाल विष फवारण्याची वेळ आलीच तर थांबे आधी उपटून ठेवावेत, कारण तडफडणारी अळी पाखराला सर्वांत आधी दिसते.

ज्वारी शेजारी असेल तर कणसात दाणा भरू लागताच त्या बाजूचे थांबे काढावेत आणि परसातला दाणाही काढणी होईपर्यंत थांबवावा. पाणी मात्र चालू ठेवावे.