मातीतलं नाणं घासण्याआधी

एप्रिल २०१०. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळच्या एका शेतात डेव्ह क्रिस्प मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. पेशाने ते रुग्णालयात स्वयंपाकी. जमिनीतल्या जुन्या वस्तू हुडकणं हा त्यांचा छंद. यंत्र वाजलं तसं त्यांनी खणायला घेतलं. फूटभर खाली रोमन काळातली छोटी नाणी लागली आणि पाठोपाठ एका मडक्याचा भाग दिसला. क्रिस्प यांनी तिथेच हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वाच्या जाणकारांना कळवलं.

त्या एका मडक्यातून ५२,५०३ नाणी निघाली. वजन भरलं सुमारे १६० किलो.

उत्खननकार ॲलन ग्रॅहम यांनी मडकं एकदम उपसलं नाही. थराथराने नाणी काढून प्रत्येक थर वेगळ्या पिशव्यांत ठेवला, आणि ही चिकाटी फळाला आली. मडक्यातली सर्वांत अलीकडची नाणी कॅराउसियसची होती. रोमन आरमाराच्या या सेनापतीने इ. स. २८६मध्ये बंड करून ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं होतं. नाणी वर्षानुवर्षं साठत गेली असती, तर त्याची नाणी अगदी वर सापडायला हवी होती. त्यातली बहुतेक निघाली बरीच खालून. म्हणजे हा सगळा ऐवज एकाच वेळी मडक्यात ओतला गेला असावा. तीच नाणी घाईने उपसून बादलीत धुतली असती, तर हा पुरावा चिखलाबरोबर वाहून गेला असता.

ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली तेव्हा नाणी ओली आणि मातीने माखलेली होती. ओलसर नाणी उघड्या हवेत झपाट्याने खराब होतात, म्हणून आधी ती धुऊन वाळवण्यात आली. बारकाईची साफसफाई पुढे सावकाश झाली. सॉमरसेटच्या संग्रहालयाने हा ठेवा ३,२०,२५० पौंडांना विकत घेतला. ती रक्कम क्रिस्प आणि जमीनमालक यांच्यात वाटली गेली.

जुनं नाणं हातात आलं की ते चकचकीत करण्याचा मोह होतोच. घरोघरी तांब्याची भांडी चिंचेने, लिंबाने लख्ख होतात, मग नाण्याने काय बिघडतं? बिघडतं ते असं. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या तांब्याचा वरचा भाग हळूहळू खनिजात बदलतो. धातूलगत लालसर क्युप्राइट तयार होतं, त्यावर हिरवं मॅलाकाइट. राजाचा चेहरा, अक्षरं, वर्तुळाची कड हे सारं अनेकदा या थरांतच टिकून असतं. आम्ल हे थर विरघळवतं आणि त्यांच्याबरोबर चेहराही जातो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलेलं तांब्याचं नाणं सकाळी गुलाबीसर, खरबरीत चकती होऊन बाहेर येऊ शकतं. फ्रोमसारख्या नाण्यांत तर चांदी अगदी कमी असते. मिंटमधून निघताना त्यांच्यावर चांदीचा पातळ मुलामा असे. तो कुठे शिल्लक असलाच, तर जोरात घासल्यावर तोही उरत नाही.

सोनं गंजत नाही, पण मऊ असतं. त्यावरची वाळू अंगठ्याने पुसली, तरी कणांचे ओरखडे कायमचे उमटतात.

घाई करावी लागते ती एकाच दुखण्यात. तांब्या-ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसू लागली की ओळखावं, आत क्लोराइड मुरलं आहे. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते धातू खात सुटतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल उरलेल्या तांब्यावर चालून जातं. अशी नाणी इतर नाण्यांपासून वेगळी काढून सिलिका जेल घातलेल्या बंद डबीत कोरडी ठेवावीत आणि तज्ज्ञाला दाखवावीत. कोकणासारख्या दमट हवेत हे जास्तच जपावं लागतं.

घरी करण्याजोगं थोडंच आहे. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, वजन करावं, नाणं कुठे मिळालं ते लिहून ठेवावं. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, भिंगाखाली लाकडी टूथपिकने मोकळी झालेली तेवढीच माती काढावी. थर निघत नसेल तर थांबावं. तारेचा ब्रश, टूथपेस्ट, विजेवरचे प्रयोग यांच्या वाटेला जाऊ नये.

नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६मध्ये चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारला होता. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह, आणि त्याखाली नहपानाच्या चेहऱ्याची पुसट रेघ. हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्याने आपलंसं करून बाजारात आणल्याचा हा थेट पुरावा आहे. एखाद्याने ती नाणी घासून झळझळीत केली असती, तर सर्वांत आधी गेली असती ती खालची पुसट रेघच.

नांगरताना किंवा पाया खणताना असा ठेवा लागला, तर भारतात १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणं गुन्हा आहे. घरात पिढीजात आलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. ती ओळखून घ्यायची असतील, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे किंवा कोणत्याही नाणेतज्ज्ञाकडे जाताना नाणी असतील तशीच, न धुता, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घालून न्यावीत.