पाय मागे, कात्री पुढे!

विरार लोकल भाईंदर सोडून खाडीपुलावर आली की खिडकीजवळच्या मंडळींच्या नजरा आपोआप बाहेर वळतात. खाली वसईची खाडी, मध्ये पाणजू बेट आणि पलीकडे नायगावच्या बाजूला तिवरं नि मिठागरं. अशा उथळ पाण्यात लांबच लांब लालसर पायांचे शेकाटे चरत असतात. थंडीत भुईगाव, राजोडी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यांवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. तुंगारेश्वरचं जंगल तर 2003पासून अभयारण्यच आहे. म्हणजे वसईकर मुलांना फोटो काढायला पक्ष्यांची वाण नाही!

वाण असते ती मोठ्या लेन्सची. तुम्ही मोठ्या उत्साहाने फोटो काढता, घरी येऊन बघता, तर काय? भलंमोठं मिठागर, भलंमोठं आकाश आणि मध्ये तिळाएवढा पक्षी! धाकटी बहीण विचारते, ‘‘दादा, यात पक्षी कुठाय?’’

आता उपाय काय? लाखभर रुपयांची लेन्स आईबाबांकडे मागता येत नाही. मग पाय शिवशिवतात, ‘अजून थोडं पुढे जाऊ या.’ पण थांबा! आपल्याला दिसणारा पक्षी रिकामा बसलेला नसतो. तो खात असतो, विश्रांती घेत असतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच पठारांवरच्या तलावांकाठी घरटी करतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगात चरबी साठवायची असते. आपण दर वेळी थवा उडवला, तर त्याचं खाणं बुडतं आणि साठवलेली ताकद खर्च होते ती वेगळीच. पक्ष्याने चरणं थांबवलं, मान ताठ केली, की समजा, ‘इथून पुढे येऊ नका’ असं तो सांगतोय. आणि घरट्याजवळ तर जायचंच नाही. आईबाप उडाले की अंडी-पिल्लं उन्हात उघडी पडतात, कावळ्यांचं फावतं.

जुन्या छायाचित्रकारांनाही ही अडचण होतीच. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी तर बैलाचं कातडं सांगाड्यावर ताणून चक्क पोकळ बैल बनवला होता! आत माणूस, बाहेर डोकावणारी लेन्स. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी 1920च्या दशकात जंगलवाटांवर तारा लावून ठेवल्या. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आपोआप फोटो टिपायचा.

आपल्याला बैल नको आणि तारही नको. आपल्याकडे कात्री आहे. फोटोचा नको तेवढा भाग कापून हवा तेवढा ठेवायचा, यालाच म्हणतात क्रॉप करणं.

कात्रीचं गणित

डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच समजा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या फोटोत आडवे 6000 आणि उभे 4000 ठिपके असतात. आडवं निम्मं आणि उभंही निम्मं कापलं, तर उरतात 3000 आणि 2000. पक्षी दुप्पट मोठा दिसतो, पण एकूण ठिपके मात्र चौथाईच, म्हणजे 60 लाख. कात्री नवे ठिपके घालत नाही, बरं का! पक्ष्याबरोबर हात हलल्याचा धूसरपणाही तेवढाच मोठा होतो.

मग चांगल्या फोटोला ठिपके लागतात तरी किती? छान छपाईसाठी एका इंचात 300 ठिपके पुरतात. 6 इंच बाय 4 इंचाच्या फोटोला 1800 बाय 1200.

आता शेकाट्याचं उदाहरण घेऊ. तो चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 38 सें.मी. लांब. लेन्सचं नाभीय अंतर 250 मि.मी. आणि पक्षी 30 मीटर लांब. कॅमेऱ्याच्या आत त्याची प्रतिमा पडते 3 मि.मी.पेक्षा थोडी मोठी. आतला सेन्सर 22 मि.मी. रुंद असेल, तर पक्ष्याच्या वाट्याला येतात साधारण 850 ठिपके. 1800 ठिपक्यांची चौकट कापली की फोटोची जवळजवळ निम्मी रुंदी पक्ष्याने व्यापलेली! म्हणजे एक पाऊलही पुढे न टाकता, भिंतीवर लावण्याजोगा फोटो तयार. पक्षी 60 मीटरवर असेल, तर मात्र ठिपके निम्मे होतात. तिथे कात्री जपूनच चालवा.

कापण्याआधी

चांगला क्रॉप फोटो काढतानाच सुरू होतो. कॅमेरा बांधावर किंवा तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवा. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर धरा. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की मिठागरावरची तापलेली हवा थरथरते आणि दूरचा पक्षी धूसर दिसतो. तिथे महागडी लेन्ससुद्धा हात टेकते. तुमच्या मोबाइलला दूरची वेगळी लेन्स नसेल, तर बोटांनी चित्र मोठं करणं म्हणजेही कापणंच. ते घरी येऊन निवांत करा. मूळ फोटो कधीच पुसू नका. स्पर्धेत फोटो पाठवायचा तर तोही मागतात. आणि हो, खाडीवर नि किनाऱ्यावर मोठ्या माणसाला सोबत घ्या, भरतीची वेळ बघा, मिठागरात शिरण्याआधी तिथल्या कामगारांना विचारा.

हे करून पाहा

कॅमेरा नाही? बिघडलं नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापा. वर्तमानपत्रातल्या एखाद्या मोठ्या फोटोवर त्या समोरासमोर ठेवा, चौकट तयार! पट्ट्या सरकवा, चौकट लहान-मोठी करा. पक्षी ज्या दिशेला बघतोय, तिकडे थोडी जागा सोडा. शेकाट्याचे पाय मध्येच कापू नका, त्याची सगळी ऐट पायांतच आहे!

आता एक अवघड प्रश्न. वंचकाच्या शेजारी प्लॅस्टिकची पिशवी पडली आहे. शेकाट्याच्या मागे नव्या इमारतींची रांग उभी आहे. कापायची का? सुंदर फोटो हवा असेल, तर कापता येते, त्यात खोटं काही नाही. पण मूळ फोटोची एक प्रत वहीत चिकटवा आणि खाली तारीख, जागा, वेळ लिहा. आणखी दहा वर्षांनी ‘तेव्हा इथे पाणी होतं, पक्षी होते आणि इमारती इथवर आल्या होत्या’ हे तोच फोटो सांगेल. तिळाएवढ्या पक्ष्याचा फोटो वाया गेलेला नसतो. पक्षी कसा दिसतो ते कापलेला फोटो सांगतो, तो कुठे राहतो ते न कापलेला.

मग येत्या रविवारी निघताय ना? पाय मागे, कात्री पुढे. आणि पक्षी? तो निवांत चरतोय तिथेच!