मोटारगाडीचा भाव आणि गिऱ्हाइकाची घाई

धान्याच्या व्यापाऱ्याने मोटारींच्या बाजाराविषयी लिहावे ही अनधिकार चर्चा होय, हे मी जाणून आहे. तथापि पोत्यांच्या थप्पीशेजारी बसून ज्याने उभ्या आयुष्यात टंचाई पाहिली, त्यास त्या बाजाराची नाडी अगदीच अपरिचित नसते. भेद एवढाच की, ज्वारी कितीही तेजीत गेली तरी माघ-फाल्गुनात नवा माल येतो व भाव उतरतो. मोटारीचे पीक मात्र परवान्याच्या शेतात निघत असे.

तो काळ उत्तरपाऱ्याच्या अँबॅसिडरचा, कुर्ल्याच्या फियाटचा व मद्रासच्या स्टँडर्डचा. उत्पादन परवान्याने बांधलेले. त्यात सन १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरविल्या, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. किंमत बांधता आली, टंचाई बांधता आली नाही. छापील किंमत व बाजारभाव यांतील अंतर ना कारखान्यास मिळे, ना खजिन्यास. ज्याच्या हाती नंबर, त्याच्या पदरी ते पडे. म्हणून वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. गरज नसलेले लोकही नोंदणी करून ठेवीत. पत्नीच्या, मेहुण्याच्या नावानेही करीत. त्या खोट्या मागणीने रांग आणखी लांबे व ‘ऑन’ आणखी चढे. रंगाची निवड तर कोणी बोलूनही दाखवीत नसे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली. दहा हजार रुपये भरून मीही नोंदणी केली होती. १९८५ साली नंबर लागला, तेव्हा एका कापड व्यापाऱ्याने वर पंधरा हजार देऊ केले. अण्णांना मी ते सांगितले. ते म्हणाले, “अरे, रांगेतली जागा विकणे हा कोणता व्यापार?” मी म्हटले, “अण्णा, आपणही धान्य राखून ठेवतोच की.” त्यावर ते म्हणाले, “धान्याला कीड लागते, व्याज चढते, भाव पडला तर आपण बुडतो. नंबराला कीड लागत नाही.” मी व्यवहार केला. अण्णा रागावले नाहीत. मात्र ते पंधरा हजार त्यांनी पेढीच्या वहीत जमा करू दिले नाहीत.

सन १९९३ मध्ये मोटारींवरील परवाना उठला आणि हळूहळू विक्रेताच गिऱ्हाइकाच्या दारी येऊ लागला. रांग आता इतिहासजमा झाली असे वाटत असतानाच २०२१ साल उजाडले. महामारीच्या आरंभी मोटार कारखान्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या होत्या. ती जागा संगणक व दूरध्वनीवाल्यांनी घेतली, आणि गिऱ्हाईक परतले तेव्हा चिपाच नव्हत्या. अमेरिकेत जानेवारी २०२२ पर्यंतच्या एका वर्षात जुन्या गाड्या सुमारे ४० टक्क्यांनी महागल्या. आपल्याकडे सूट नाहीशी झाली, काही गाड्यांसाठी वर्षाहून अधिक थांबावे लागले. ‘ऑन’ असे कोणी म्हणत नव्हते. विमा व सजावटीचे सामान आमच्याकडूनच घ्या, एवढेच सांगत. पुढे माल सुटला, तो इतका की ऑगस्ट २०२४ मध्ये विक्रेत्यांकडे सत्तर-पंचाहत्तर दिवसांचा साठा पडून होता. त्या रांगेत खरे गिऱ्हाईक किती होते, हे तेव्हा कळले.

त्या टंचाईत माझ्या मुलाने दोन विक्रेत्यांकडे नोंदणी केली होती. आधी येईल ती घ्यावयाची, दुसरी पाहून घेऊ, असा त्याचा बेत. एक रद्द कर, असे मी सांगितले. “बाबा, त्यात आपला तोटा काय?” त्याने विचारले. अण्णांचे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. परंतु १९८५ चा व्यवहार त्यास ठाऊक होता, म्हणून मी वही पुढे ओढली.